पाच महिन्यांत कंटाळले, दातांची तार काढून टाकू का?

वाचकाचं पत्र :

डॉक्टर मॅडम, माझं वय ३१. कराडजवळच्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. पुढचे दात लहानपणापासून पुढे होते, तेव्हा घरी कुणी मनावर घेतलं नाही. आता स्वतःच्या पगारातून तारा लावून घेतल्यात, त्याला पाच महिने झाले. दर महिन्याला तार घट्ट केली की दोन दिवस पोळीसुद्धा चावत नाही. ते मी सोसते. पण गेल्या दोन महिन्यांपासून वरच्या डाव्या सुळ्याला माठातलं पाणी लागलं तरी शिवशिवतं, कैरीची फोड तर तोंडात घेववत नाही. चहा प्यायले की पुढचे सगळे दात एकदम दाबल्यासारखे होतात. हिरड्या सुजल्यात, ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून हिरडीजवळ घासणं मी बंदच केलंय. दातांवर मात्र नेहमीसारखी जोर लावून घासते. दात थोडे हलतातही. डॉक्टरांना फोन केला तर ‘होतं तसं’ म्हणाले. सासूबाई म्हणतात, ‘या वयात कशाला ही थेरं? थोडी मिशरी लावत जा, हिरड्या आवळून येतील.’ तारेनं दात कायमचे खराब होतील अशी भीती वाटते. काढून टाकू का? नाव छापू नये ही विनंती.

उत्तर :

नमस्कार. तार काढू नका. तुमचे दात सध्या अर्ध्या वाटेवर आहेत. आत्ता तार काढली तर ते आहेत तिथं थांबणार नाहीत, बरेचसे मागं आपल्या जुन्या जागेकडे सरकतील, आणि पगारातून घातलेले पैसे गेले ते गेलेच. पण ‘होतं तसं’ एवढ्यावरही समाधान मानू नका. तुमच्या पत्रात तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचा आळ तुम्ही तारेवर घातलाय. त्यातलं तारेचं असं एकच, आणि नेमकं तेच सगळ्यात कमी काळजीचं आहे.

तुम्ही सहज लिहून गेलात ते एक वाक्य माझ्या फार उपयोगी पडलं. गरम चहानं पुढचे सगळे दात दाबल्यासारखे होतात आणि गार पाण्यानं मात्र एकटा सुळा शिवशिवतो. पहिल्या काही महिन्यांत दातांना घालतात ती तार बहुतेक वेळा निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. हा धातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झाला, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज अँड्रियासन या अमेरिकी दंतवैद्यानं तो तारेच्या कामाला आणला. कितीही वाकवा, ही तार आपल्या मूळ आकाराकडे येऊ बघते, म्हणून तर वाकड्या दातांना ती हळूहळू ओळीत आणते. हिच्या बऱ्याच प्रकारांना तापमान कळतं. उष्णता लागली की ती ताठ होऊन जास्त जोर लावते, गार लागलं की सैलावते. चहाच्या घोटासरशी सगळे दात एकदम दाबल्यासारखे झाले ते यामुळे. उलट तार घट्ट करून आलेल्या कितीतरी जणी गार पाण्याचा घोट तोंडात धरून बसतात, त्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आता ज्या गार पाण्यानं बाकीच्या दातांना आराम पडायला हवा, त्याच पाण्यानं एक सुळा ओरडत असेल, तर त्या सुळ्याचं गाऱ्हाणं तारेच्या दाबाचं नाही. ते वेगळं आहे, त्याच्याकडे येते.

आधी तारेचा ठणका उरकून टाकू. दात जबड्याच्या हाडात घट्ट चिणलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पदर असतो, जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा. तार दाताला ज्या बाजूला ढकलते तिकडचा पदर दबतो, तिथला रक्तपुरवठा आखडतो, सूज आणणारी रसायनं पाझरतात आणि त्या बाजूचं हाड विरघळायला लागतं. मागच्या मोकळ्या बाजूला नवं हाड भरतं. असा दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. हे हाडाचं काम कुठल्याही वयात होतं, हिरड्या आणि हाड निरोगी असले म्हणजे झालं. तेव्हा ‘या वयात कशाला’ याचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे. देता येईल का ते तुम्ही बघा, सासूबाई तुमच्या आहेत.

हा ठणका तार घट्ट केल्यावर काही तासांनी सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि पाच ते सात दिवसांत जातो. दात जरासे हलतात तेही याच पदरामुळे, सरकत असताना तो रुंदावतो. सगळे दात थोडेथोडे हलत असतील तर घाबरू नका, उपचार संपले की ते पुन्हा घट्ट होतात. त्यातला एखादाच दात इतरांपेक्षा उघड जास्त हलत असेल तर मात्र दाखवा.

गोळी घ्यायची तर साधी पॅरासिटामॉल घ्या, ५०० मिलिग्रॅमची एक, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून, आणि दोन दिवसांच्या वर नको. यकृताचा काही त्रास असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर आधी विचारून घ्या. तार घट्ट करून घरी आलात की ठणका चढायची वाट न बघता जेवून पहिली गोळी घेतली तर जास्त उपयोग होतो. मेडिकलमध्ये जाऊन ‘दातदुखीची द्या’ म्हटलं की हातात बहुधा आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक पडते. सूज आणणारी जी रसायनं या गोळ्या दाबतात, तीच दात सरकवायच्या कामातही लागतात. एखाददुसऱ्या गोळीनं उपचार थांबत नाहीत, पण दर महिन्याला आठवडाभर घेत राहणं बरं नाही, पोटालाही नाही.

दोन दिवस पोळी चावत नाही तर चावू नका, त्यात हट्ट कसला? मेतकूट-भात, मुगाची खिचडी, वरणात मुरलेली भाकरी, दुधीची भाजी, इडली, शिरा, पिकलेली पपई. दोन दिवसच तर आहेत. चावायला त्रास नसेल त्या दिवसांतही शेंगदाण्याची चिक्की, उसाचं कांडं, अख्खा पेरू, कणीस आणि कडक चकली यांपासून लांब राहा. दुखतं म्हणून नव्हे, त्यांनी दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट निघतं आणि तुमची पुढची तारीख ते परत चिकटवण्यात जाते. जाता जाता आणखी एक : पुढच्या वेळी ब्रॅकेटभोवतीची रबराची वेटोळी निवडायला सांगतील तेव्हा पांढरी किंवा पारदर्शक घेऊ नका. आपल्या हळदीच्या जेवणात ती दोन दिवसांत पिवळीजर्द होतात आणि बघणाऱ्याला वाटतं दातच किडले. राखाडी घ्या, नाहीतर सरळ निळी.

आता सुळा. दिवसाउजेडी आरशासमोर उभ्या राहा, वरचा ओठ बोटानं उचला आणि डावा सुळा उजव्याशी ताडून बघा. डावा जरा लांब दिसतो का? हिरडीलगत, दात संपतो तिथं, बाकीच्या दातापेक्षा पिवळसर अशी एखादी पट्टी दिसते का? नखानं अलगद चाचपलं तर तिथं खाच लागते का? माझा अंदाज आहे की यातलं काहीतरी दिसेल. हिरडी वर सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं, आणि मुळावर वरच्या भागासारखं कठीण कवच नसतं. त्याच्या आत असंख्य सूक्ष्म नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. गार, आंबट किंवा गोड लागलं की त्या द्रवाची हालचाल होते आणि आतल्या नसेला ती कळते, म्हणून क्षणभर कळ जाते आणि लगेच थांबते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात हे नीट दाखवून दिलं आणि संवेदनशील दातांच्या बऱ्याच पेस्टी त्याच समजुतीवर चालतात.

हिरडी वर का सरकली, त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. ‘जोर लावून घासते.’ सुळा जबड्याच्या वळणावर पुढे आलेला असतो, त्याच्यावरचं हाड पातळ असतं, आणि ब्रश वळताना पहिला दणका त्यालाच बसतो. उजव्या हातानं घासणाऱ्यांच्या डाव्या सुळ्यावर तर आम्हाला हे नेहमी दिसतं. हे तार लावण्याच्या आधीपासून थोडं असेल, तारेनंतर तुम्ही आणखी जोर लावला असेल, कारण अडकलेलं निघत नाही. दुसरी शक्यताही सांगायला हवी. दात सरकताना मूळ हाडाच्या पातळ भिंतीच्या फार बाहेर आलं तरी हिरडी वर सरकते. हे आरशात कळत नाही, तुमच्या डॉक्टरांनीच बघायला हवं.

तोवर घरी एवढं करा. पेस्ट बदला. ट्यूबवर ‘पोटॅशियम नायट्रेट ५ टक्के’ असं छापलेलं असेल आणि फ्लोराइडही असेल अशी घ्या, कंपनी कुठलीही चालेल. सकाळी आणि रात्री त्याच पेस्टनं घासा, आणि रात्री घासून झाल्यावर वाटाण्याएवढी बोटावर घेऊन त्या सुळ्याच्या मुळाशी हलकेच चोळा. थुंका, पण खळखळून चुळा भरू नका, नाहीतर लावलेलं सगळं बेसिनमध्ये जातं. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडू नका. दोन ते चार आठवडे लागतात. दात पांढरेशुभ्र करणाऱ्या आणि कोळशाच्या काळ्या पेस्टी पूर्ण बंद. त्यांनी उघडं मूळ आणखी झिजतं, आणि ब्रॅकेटखालचा भाग वेगळ्या रंगाचा राहतो ते तार काढल्यावर दिसतं.

कैरी, चिंच, लिंबू-सरबत, कोकम यांनी दात आंबतात हे तुम्हाला सांगायला नको. उन्हाळा आहे, पन्हं सोडा असं मी म्हणणार नाही. एका दमात प्या, घोट घोट करत तासभर नको, वर साध्या पाण्यानं चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश करू नका. आंबटानं दाताचा वरचा थर तेवढ्यापुरता मऊ झालेला असतो, त्यावर लगेच ब्रश फिरवला तर तो घासून जातो. आणि लवंगेचं तेल त्या सुळ्याला लावायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. निव्वळ तेलानं हिरडी भाजते, ती जखम आणखी वेगळी.

खरं काम आहे ते हिरड्यांचं. रक्त येतं म्हणून तुम्ही हिरडीजवळ घासणं थांबवलं. बहुतेक सगळे हेच करतात, आणि बहुतेक सगळ्यांचं रक्त त्यामुळेच वाढतं.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथं हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत झाडून सगळ्यांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या. मग त्यांना पुन्हा घासायला लावलं, आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. त्यांना ना तार होती, ना कसलं औषध दिलं होतं. दाताच्या आणि हिरडीच्या सांध्यात जमणारा जिवाणूंचा पांढुरका थर, एवढंच त्या सुजेचं कारण. तुमच्या तोंडात तर त्या थराला लपायला प्रत्येक दातावर एक ब्रॅकेट आणि वरून एक तार मिळालीय.

म्हणजे रक्त येतं ती जागा ब्रशनं टाळायची नाही, नेमकी तिथंच ब्रश न्यायचा, फक्त जोर काढून घ्यायचा. अगदी मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या. मुठीत आवळू नका, पेन धरतो तसा तीन बोटांत धरा, मग जोर लावायचा म्हटलं तरी लागत नाही. ब्रशचे केस हिरडीच्या कडेवर तिरके टेकवा, अर्धे हिरडीवर, अर्धे दातावर. तिथल्या तिथं बारीक थरथर द्या आणि मग ब्रॅकेटच्या दिशेनं ओढून घ्या. ब्रॅकेटच्या वरची बाजू झाली की तसंच तिरकं करून खालची बाजू. तारेच्या खाली आणि दोन दातांच्या मध्ये ब्रश पोचत नाही, त्यासाठी मेडिकलमध्ये इंटरडेंटल ब्रश मिळतो, बाटली धुवायच्या ब्रशाचं अगदी इवलं रूप. तो तारेखालून वरून खाली घाला, ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीनदा फिरवा आणि पाण्यात झटका. पहिल्यांदा त्याला काय चिकटून येतं ते बघा, रक्त का येतं ते मग मी सांगायला नको. रात्रीच्या या सगळ्याला चार-पाच मिनिटं जातील. सकाळी घाई असेल तर सकाळचं थोडं कमी करा, रात्रीचं नको.

पहिले चार-पाच दिवस रक्त येईल, कदाचित जास्तच येईल. घासत राहा. साधारण आठवड्यानंतर ते कमी व्हायला लागतं. हिरडी शिवूच देत नसेल तर कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा गुळण्या करा. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश डॉक्टरांनी दिलं तर घ्या, पण दोन आठवड्यांच्या वर स्वतःच्या मनानं नको, दातांवर तपकिरी डाग धरतात. आणि पेस्टनंतर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसामुळे त्याचा जोर कमी होतो.

डब्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी मला ऑफिसचा कॉमन बेसिन डोळ्यांसमोर दिसतो. चारचौघांत ब्रश तोंडात घालून उभं राहायचा संकोच वाटतो हे मी रोज ऐकते. दुपारी ब्रश नाही केलात तरी चालेल, पण दोन-तीनदा जोरात चुळा भरा आणि जमलं तर आडोशाला जाऊन इंटरडेंटल ब्रश फिरवा, त्याला पेस्ट लागत नाही, फेस होत नाही. सबंध दुपार बिस्किट आणि गोड चहा यांचा चिखल ब्रॅकेटभोवती बसू देऊ नका. तो तसाच राहिला तर काही आठवड्यांतच दातावर खडूसारखे पांढरे डाग उठू लागतात, ती किडीची पहिली पायरी. तारेनं दात कायमचे खराब होण्याची जी भीती तुम्हाला वाटते, ती या डागांबद्दल बाळगा.

मिशरीचा विषय टाळता येणार नाही. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिनं हिरड्या ‘आवळून’ आल्यासारख्या वाटतात, कारण निकोटीननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त कमी दिसतं. आजार आत तसाच चालू राहतो, फक्त इशारा देणारं रक्त बंद होतं. वर तंबाखूचं व्यसन लागतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका येतो. तुमच्या भागात आजही किती घरांत सकाळची सुरुवात मिशरीनं होते हे मला माहीत आहे, आणि सासूबाई प्रेमानंच सांगत असतील. त्यांना ‘डॉक्टरांनी तार असताना मनाई केलीय’ एवढंच सांगा, वाद होणार नाही. आणि एक विनंती : तुमच्या पुढच्या तारखेला त्यांनाही बरोबर न्या, त्यांचं तोंडही बघून घ्यायला सांगा. वर्षानुवर्षं मिशरी लावणाऱ्या माणसाच्या गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा नाही ना, हे कुणीतरी वर्षातून एकदा बघितलंच पाहिजे. लाल दंतमंजनानंही घासायचं नाही, तो खरखरीत भुगा उघड्या मुळाला सोसत नाही.

आता डॉक्टरांकडे. फोनवर ‘दुखतंय’ म्हटलं की कुणीही ‘होतं तसं’ म्हणणार, तारेच्या दुखण्याबद्दल ते खरंही आहे. पुढची तारीख लांब असेल तर मध्येच अपॉइंटमेंट घ्या, आणि नेमकं सांगा : वरचा डावा सुळा, गार आणि आंबट, दोन महिने, क्षणभर कळ जाते. हिरडीतून रक्त. मग सुळ्याची हिरडी किती सरकलीय ती मापायला सांगा. त्यांच्याकडे मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई असते, हिरडीच्या खाचेत अलगद घालून बघतात. निरोगी खाच ३ मिलिमीटरपर्यंत असते. आजचं माप त्यांच्या कागदावर लिहून ठेवायला लावा, म्हणजे तीन महिन्यांनी वाढलं की थांबलं ते कळेल. दात स्वच्छ करून घ्या. तारेवरही ते होतं, हवं तर त्या दिवसापुरती तार काढून ठेवतात. ‘साफ केल्यानं दात ढिले होतात’ असं शेजारच्या काकू सांगतील. दगडासारखं जमलेलं किटण निघालं की त्याच्या आड झाकलेली हानी दिसायला लागते, एवढंच त्यात खरं.

सुळ्याची हिरडी जास्त सरकलेली निघाली तर हिरड्यांच्या तज्ज्ञांना, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टना, दाखवल्याशिवाय त्या दाताला पुढचा जोर लावून घेऊ नका. एक महिना तार आहे तशी ठेवली किंवा हलकी तार घातली तर काही बिघडत नाही, उपचार थोडे लांबतील. चांगला ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारेचे उपचार करणारा तज्ज्ञ, हे स्वतःहून करतो. तुमचे डॉक्टर ऐकूनच घेत नसतील तर दुसऱ्याचं मत घेण्यात काही गैर नाही, आणि खर्चाचा प्रश्न असेल तर दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, तिथं कमी पैशात तपासून मिळतं. मधुमेह असेल, घरात कुणाला असेल, किंवा दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर तेही सांगा. दोन्हींत हिरड्या लवकर सुजतात, आणि गरोदरपणात एक्सरेचा विचार वेगळा करावा लागतो.

काही गोष्टींत मात्र तारखेची वाट बघू नका, दुसऱ्याच दिवशी जा. काही न लागताही एकच दात ठणकतो आणि रात्री झोपेतून उठवतो. गरम लागल्यावर एकाच दातात कळ येते आणि मिनिटभर उतरत नाही. चहानं सगळे दात एकदम दबतात ते वेगळं, हे वेगळं. एखादा दात करडा पडायला लागला. हिरडीवर फोड आला, पू आला, गाल सुजला, ताप भरला. तार घट्ट करून दहा दिवस झाले तरी ठणका तसाच आहे. यांत नसेला सूज असू शकते, आणि त्यावर पेस्ट चोळून काही होत नाही.

ताजा कलम म्हणून तुम्ही विचारलंय, पुढच्या महिन्यात माहेरच्या गावची यात्रा आहे, मटणाला हात लावायचा की नाही. लावा की! फक्त तार घट्ट करायची तारीख यात्रेच्या आठवडाभर आधी नाहीतर नंतर घ्या, आदल्या दिवशी नको. मटण चांगलं शिजलेलं असेल ते बघा, हाडावरून बोटांनी सोडवून बारीक करून मागच्या दातांनी खा, नळी दुसऱ्या कुणाला द्या. भाकरी रश्श्यात चुरून घ्या, कांदा बारीक चिरलेला. रात्री कितीही उशीर झाला तरी इंटरडेंटल ब्रश फिरवल्याशिवाय झोपू नका, मटणाचे तंतू तारेत अडकले की सकाळी हिरडी तिथंच फुगलेली असते. आणि यात्रेतल्या रेवड्या या वर्षी घरच्यांसाठीच आणा.